दोनशे सतराचा बिल्ला

उद्या वास्तुशांत होती आणि चौकटीला तोरणाचे खिळे ठोकायचे राहिले होते, म्हणून जेवण झाल्यावर धुळाप्पा हातोडी घेऊन नव्या घराकडे निघाला.

"मी अन् निंगव्वाक्का चारला तिकडं येतो," त्याची बायको महादेवी म्हणाली. "मग घराला कुलूप लावून मिळूनच मठात जाऊ, स्वामींना सांगाया. अन् उद्या पयली ओटी अक्काचीच भरायची हाय. सवाष्ण म्हणून तिलाच सांगितलंय मी."

धुळाप्पाच्या हातातली हातोडी जड झाली. "दुसरी कुणी न्हाय का?"

"का? नवरा मुंबईला पळाला म्हणून सवाष्णपण जातंय व्हय?"

निंगव्वा विधवा आहे, हे साऱ्या वस्तीत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

सोलापूरपासून चार मैलांवरची कापडाची मिल बंद पडून दहा वर्षं झाली होती. आता पंचाहत्तर साली तिच्या जागेवर बसवनगर उठत होतं. शेड पाडून प्लॉट पाडले होते. बँकेतले कारकून, शाळामास्तर शहरातून येऊन घरं बांधत होते, सिटी बस सुरू झाली होती. जुनं म्हणून एक धुराडं तेवढं उभं होतं. मिलच्या कामगारांना चिठ्ठ्या टाकून प्लॉट दिले, त्यात धुळाप्पाला एकोणीस नंबर निघाला. धुराड्यापासून त्यानं पावलं मोजली, पुन्हा मोजली. इथंच रुईचं गोदाम होतं. पण महादेवी हरखून गेली होती, आणि वर्षानुवर्षं मिटलेलं तोंड एका प्लॉटपायी कसं उघडायचं? त्यानं घर बांधलं.

मिलची रीत साधी होती. आत जाताना गेटवरच्या फळीवरून आपल्या नंबरचा पितळी बिल्ला काढून घ्यायचा, पाळी सुटली की परत खिळ्याला टांगायचा. बिल्ला टांगलेला म्हणजे माणूस बाहेर. दोनशे सोळा धुळाप्पाचा, दोनशे सतरा संगप्पाचा, निंगव्वाच्या नवऱ्याचा. अकरा वर्षांमागं एका दुपारी चारच्या भोंग्याला शेवटची पाळी सुटली तेव्हा संगप्पाच्या अंगात कणकण होती. "मी गोदामात गाठींवर जरा पडतो," तो म्हणाला. "माजा बी टांग. मागनं भिंतीवरनं येतो उडी मारून." एकमेकांचे बिल्ले सगळेच टांगायचे. धुळाप्पानंही टांगला.

तासाभरात गोदाम पेटलं. साहेबानं फळीवर नजर टाकली, सगळे बिल्ले जागच्या जागी. "आत कोणी नाही. वारा लागू देऊ नका, दारं बंद करा!" गर्दीत धुळाप्पा उभा होता. दुसऱ्याचा बिल्ला टांगणाऱ्याला त्याच दिवशी घरी बसवत. 'आत्ता सांगतो, आत्ता सांगतो' म्हणेपर्यंत दारं लागली, पुढं पत्रे कोसळले आणि ढिगारा तिथंच दाबला गेला. संगप्पा मुंबईला पळाला, असं कुणीतरी म्हणालं. मुंबई फार मोठी, तिच्यात काहीही मावतं. भित्रा माणूस वाईट नसतो म्हणतात, पण त्याच्या भित्रेपणाचं ओझं दुसऱ्यानंच वाहायचं असतं. निंगव्वा रोज कुंकू लावत राहिली.

धुळाप्पानं चौकटीच्या दोन बाजूंना दोन खिळे ठोकले. तेवढ्यात वास आला. समई विझली की वातीचा येतो तसा, पण दाट. तो आतल्या खोल्या बघून आला. कुठंच काही नव्हतं. परत दारात आला तर डाव्या खिळ्याला एक बिल्ला लटकत होता.

काळा पडलेला. दोनशे सतरा.

त्यानं तो काढून खिशात टाकला. आता पुरे, आज सांगायचंच. अक्का आली की इथं दारातच तिच्या पायावर डोकं ठेवायचं. उद्या खोटी ओटी भरू द्यायची नाही. पाणी प्यायला तो स्वयंपाकघरात गेला.

आणि चारचा भोंगा झाला.

मिलचा भोंगा कधीच भंगारात गेला होता...

पाठोपाठ दारात बांगड्या वाजल्या. धुळाप्पा वळला, पण पाय उचलेना. घोट्यापर्यंत काहीतरी मऊ, गरम लागत होतं. हाक मारायला तोंड उघडलं, तर जिभेवर रुईचे तंतू.

"अहो!" महादेवीनं दारातूनच हाक दिली. मग चौकटीकडं बघून म्हणाली, "आगं, बिल्ला टांगलाय की ह्यांनी. दोनशे सोळा. गेले वाटतं फुडं."

धुळाप्पानं खिसा चाचपला. रिकामा. आणि त्याचा स्वतःचा बिल्ला तर मिल बंद झाली तेव्हाच गेटवर जमा झाला होता.

"अन् ह्यो दुसरा कुणाचा? काजळीनं नंबरच दिसंना." निंगव्वाचा आवाज. "...गरम हाय की गं ह्यो."

"उन्हानं तापला असंल. चल अक्का, दोन्ही टांगल्यात. आत कुणी न्हाय."

दार लागलं. कडी वाजली, कुलूप दाबल्याचा आवाज आला. सरपटत, ठेचकाळत धुळाप्पा दारापर्यंत पोचला आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागला. बाहेर दोघी बोलत बोलत लांब चालल्या होत्या.

मागं, अगदी कानाशी कुणीतरी हळू म्हणालं, "वरडू नको, धुळाप्पा... मी बी लई वरडलो. भाईर ऐकू जात न्हाय..."

दुसऱ्या दिवशी वास्तुशांत झाली नाही. कुलूप काढलं तेव्हा घर स्वच्छ होतं, खिडक्यांचे गज शाबूत, स्वयंपाकघरात हातोडी पडलेली. धुळाप्पा मुंबईला गेला असणार, असं सगळे म्हणाले. महादेवी अजून कुंकू लावते. दर मंगळवारी ती आणि निंगव्वा एकमेकींची ओटी भरतात.

त्या दाराच्या आतल्या बाजूला काजळीचे चार पंजे आहेत. दोनदा रंग दिला, पण ते पुन्हा उमटतात. आणि धुळाप्पानं चौकटीला दोनच खिळे ठोकले होते. आता तिथं तीन आहेत. तिसरा रिकामा आहे.