उगवलं की जाईन

खोली तापवणारा रेडिएटर गार पडला तेव्हा कुरालायने आधी पाइपावर चमचा वाजवला. तीनदा. कझाखस्तानातल्या कारागांदात वरच्या शेजाऱ्याशी भांडायची ही पहिली पायरी. उत्तर आलं नाही, म्हणून अंगात वडिलांचा स्वेटर अडकवून ती सरळ जिना चढली.

बाहेर उणे अठ्ठावीस. बर्फावर कोळशाची काजळी.

दार उघडलं एका अनोळखी तरुणाने. हातात थर्मामीटर.

"तुम्ही रेडिएटरचा नळ बंद केलाय?"

"थोडासाच."

"वरून खाली एकच पाइप आहे. तुमचा थोडासा म्हणजे खालच्या तीन मजल्यांचा अख्खा."

"हो, पण… बिया उकडत होत्या."

"कसल्या बिया?"

"निवडुंगाच्या."

भांडणाची सगळी वाक्यं तिने जिन्यात जुळवून ठेवली होती. एकही आठवेना.

खिडकीच्या फळीवर एक ट्रे. त्यात बोटाएवढ्या सहा कुंड्या, वर ताणून बसवलेला पारदर्शक कागद. खाली रेडिएटर तापलेला.

"बियांसोबतच्या पत्रकात पंचवीस अंश लिहिलंय," तो म्हणाला. "इथे चाळीस होते."

"मग खाली लाकडाची फळी सरकवा. माझ्या वडिलांच्या छातीत खाणीची तीस वर्षं आहेत. त्यांनाही पंचवीस अंश लागतात."

तो वाकला आणि नळ उघडला. पाइपात पाणी गुडगुडलं. मग मान वर करून, जरा लाजून —

"उगवले तर एक कुंडी त्यांची."

*पत्रक, ओळ दुसरी: माती ओलसर ठेवावी. भिजवू नये.*

त्याचं नाव एरदेन. वरच्या राउशान अपाचा मुलगा. राहायचा अल्माटीला. अपा शरद ऋतूत गेली. चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, आणि आता तो घर विकायला आला होता. कपाट रिकामं करताना हा खोका सापडला. बिया, माती, कुंड्या, सगळं एकत्र. न उघडलेला.

"तिने काही अर्धवट टाकलं नाही कधी," तो म्हणाला. "एवढंच राहिलं. उगवलं की जाईन."

कुरालाय सकाळी पावाच्या दुकानात असायची. दुपारी घरी. दुपारी जिना चढायला काहीतरी निमित्त लागायचंच… मग निमित्त लागेनासं झालं.

"आज काही?"

"माती."

"कालही मातीच होती."

"आज जास्त मातीसारखी दिसतेय. आणि तू जरा मागे हो, तुझ्या श्वासाने कागदावर धुकं धरतंय."

"तू माझ्याकडे बघतोयस की कुंडीकडे?"

"कुंडीकडे." थोडं थांबून, "मध्ये तू येतेस."

आणि एकदा:

"बिनलग्नाच्या मुलीच्या घरात निवडुंग असला की मुलगे फिरकत नाहीत म्हणे."

"बरंच की. ट्रे इथे आहे, मी तिथे."

"पण तू तर सारखी इथेच असतेस."

ती हसली. तो हसला नाही, नुसता बघत राहिला. खिडकीबाहेर तीन वाजताच उजेड मळत चालला होता.

*पत्रक, ओळ पाचवी: दिवसातून एकदा कागद उचलून वारा द्यावा. पाच मिनिटं.*

अकराव्या दिवशी एरदेन घराच्या कागदपत्रांसाठी गेला होता. किल्ली तिच्याकडे. तिने कागद उचलला.

तिसऱ्या कुंडीत — हिरवं.

काटा नाही, काही नाही. तिळाएवढा गोल, फुगीर ठिपका. निवडुंग इतका मऊ जन्मतो हे तिला माहीत नव्हतं.

*उगवलं की*

पाच मिनिटं होऊन गेली.

*जाईन*

तिने दोन बोटं पुढे केली. ते लगेच हातात आलं. जरासुद्धा धरून राहिलं नाही. खाली केसासारखं पांढरं मूळ होतं.

संध्याकाळी तो बुटांवरचा बर्फ झटकत आला. "आज काही?"

"माती," ती म्हणाली.

बारावा दिवस, माती. तेरावा, माती. चौदाव्याला एरदेन खुर्ची ओढून ट्रेसमोर बसला, कोपरं गुडघ्यांवर टेकून.

"बिया जुन्या असतील," तो म्हणाला. "अपाने कधी मागवल्या, कोण जाणे. तिच्या हातचं काही… जाऊ दे."

"एक उगवलं होतं."

त्याने मान वळवली.

"मंगळवारी. तिसऱ्या कुंडीत. मी उपटलं."

त्याने तिसरी कुंडी उचलून उजेडाकडे धरली.

"शेवाळ वाटलं असेल तुला," तो सावकाश म्हणाला. खोटं बोलायला त्याने तिला चक्क दार उघडून दिलं.

"नाही. निवडुंगच होता. मला कळलं होतं."

"मग का?"

"तू म्हणाला होतास ना, उगवलं की…" तिने स्वेटरची बाही तळहातावर ओढून घेतली. "तू जाऊ नयेस म्हणून."

तो उठला. स्वयंपाकघरात गेला. किटलीचा आवाज, दुधाचा, कपाटाचा. परत आला तेव्हा हातात चहाची किटली आणि दोन वाटीसारखे प्याले. तिच्यासमोर एक ठेवून त्याने चहा ओतला.

काठोकाठ.

कुरालाय बघत राहिली. कझाख घरात पाहुण्याला अर्धाच प्याला देतात, म्हणजे तो पुन्हा मागेल, बसेल. काठोकाठ भरला की पाहुण्याने समजायचं: प्या आणि निघा. इथल्या लहान पोरांनाही कळतं ते.

तिने प्याला उचलला. चहा बोटांवर सांडला, भाजलं. प्यायली नाही. खाली ठेवून उठली.

"घर मंगळवारीच विकलं गेलं," एरदेन म्हणाला. "तू उपटलंस त्याच दिवशी. गुरुवारच्या गाडीचं तिकीट आहे. उगवो, न उगवो." "रोज सांगणार होतो. तू 'माती' म्हणायचीस आणि मला… बरं वाटायचं."

ती उभीच. तिचं ते एवढंसं पाप फुकट गेलं होतं, आणि त्याचं गप्प बसणंही.

"राग आलाय मला," तो म्हणाला. "खरंच आलाय."

"येणारच."

"बस."

त्याने तिचा प्याला उचलला. त्यातला अर्धा चहा आपल्या प्याल्यात ओतला, आणि उरलेला अर्धा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

गुरुवारला सहा दिवस होते. त्या दुपारी कुरालाय अकरा अर्धे प्याले चहा प्यायली.