भिंतीकडे वळलेल्या बायका

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी कालिपा नव्या दालनातले पडदे नीट लागलेत का ते बघायला गेली. संग्रहालयाची प्रमुख ती, तिला घरी चैन कुठली पडायला! ताज्या रंगाचा वास नाकात बसत होता. दालनाच्या मधोमध लोकरीच्या जाड नमद्याचा जुना गोल तंबू उभा होता. आत चहाच्या समोवाराभोवती, पाहुण्यांकडे बघत बसवलेल्या प्लास्टरच्या तीन बायका.

ती वाकून आत शिरली आणि जागीच थबकली. तिघींनी दाराकडे पाठ केली होती.

आपल्या तंबूवाल्या लोकांत बायका भिंतीकडे तोंड करून कधी बसतात, हे काय सांगायला हवं? मयत असतं तेव्हा. बाहेरून पुरुष हंबरडा फोडत येतात आणि आतून बायका गेलेल्याचं नाव घेऊन विलाप गातात.

"ओरोझ, ही कसली थट्टा?" तिने ठेकेदाराला हाक मारली.

ओरोझ उंबऱ्याबाहेरच थांबला. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला एजे म्हणे. "कितीदा सरळ केल्या, एजे. परत वळतात. माझी माणसं आता हात लावायला तयार नाहीत."

"आणि हे मला आज सांगतोस? काय लपवतोयस?"

त्याने फरशीकडे बोट केलं. "नळ टाकायला खणलं, तेव्हा... या तंबूच्या जागी... हाडं लागली. माणसाची. उद्घाटन लांबेल म्हणून बुजवली."

संग्रहालय होण्याआधी या इमारतीत गुप्त पोलिसांची चौकशीची कचेरी होती. तिच्या आजोबांना, जुमादिलना, दोन प्रश्न विचारायचेत म्हणून इथेच बोलावलं होतं. ते परतलेच नाहीत. तिच्या आईने, बुर्माने, बापासाठी कधी विलाप केला नाही. मयत न बघता रडणं म्हणजे जित्या माणसाला मारणं, असं ती म्हणायची. आता म्हातारपणी तिला एकच घोर होता, न रडताच मेले तर बापाला काय तोंड दाखवू?

कालिपा तशीच घरी गेली, हाडांचं सांगितलं आणि आईला घेऊन आली. म्हातारी वाकून तंबूत शिरली. तिने त्या वळलेल्या पाठी पाहिल्या, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि बायकांच्या शेजारी जाऊन बसली.

"आई, ते आजोबाच असतील असं नाही गं."

"कुणाचा तरी बाप आहे ना? बस तू पण."

कालिपा तिच्याशेजारी टेकली. बुर्माने बापाचं नाव घेतलं. जन्मभर गिळलेला तो आवाज एवढ्याशा देहातून असा काही उठला, की कालिपाच्या अंगावर सरसरून काटा आला.

आणि बाहेरून उत्तर आलं. खोल, संथ, पुरुषांचे आवाज... खूप पुरुषांचे. "ओ माझ्या भावा... जुमादिल..."

कालिपाने वळून दारातून पाहिलं. दालन रिकामं होतं. ओरोझ एकटा गुडघ्यांवर बसला होता, दुआसाठी ओंजळ पसरून, ओठ घट्ट मिटलेले. आवाज त्याच्या मागून येत होते, पलीकडच्या खोल्यांतून, नव्या फरशीखालून. तिला भीती वाटायला हवी होती. पण तिचीही ओंजळ आपोआप पसरली आणि डोळे वाहू लागले.

विलाप संपला. म्हातारीचा चेहरा लहान मुलीसारखा निवळला होता. कालिपा उभी राहिली आणि तिला उठवायला वाकली.

"थांब," बुर्मा हळूच म्हणाली आणि तिने लेकीचं मनगट धरलं.

बाहेरून पुन्हा हंबरडा आला. या वेळी नाव दुसरं होतं. त्यामागून तिसरं.

"बस खाली," आई म्हणाली. "आता त्यांच्यासाठी रडायचं."