लांडग्याला श्रद्धांजली

लांडग्याशी साधनाची पहिली गाठ पडली ती एका अग्निनागाच्या डोळ्यांवरून, आणि पहिल्याच दिवशी दोघांची अशी जुंपली की बाकीचे दोनशे लोक गप बसून मजा बघत राहिले.

'सात सुळके' नावाचा तो टेलिग्रामवरचा गट. चेटकिणी, उडते घोडे, बोलणारी झाडं, शापित राजपुत्र... असल्या अद्भुत कादंबऱ्यांनी पछाडलेली माणसं कुठकुठून जमलेली! सोलापूरची, नागपूरची, बेळगावची, एकजण तर थेट मस्कतचा. पुस्तकं सुचवायची, शेवटावरून भांडायचं, आणि कुणाची परीक्षा असली की सगळ्यांनी मिळून त्याला जादूचं कवच पाठवायचं. नियम एकच, पण कडक. खरं नाव नाही, आडनाव नाही, गाव नाही. साधना तिथं 'तिसरा डोळा' होती. हुबळीत कोप्पीकर रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर लोकांचे डोळे तपासायची, म्हणून ते नाव.

त्या दिवशी तिनं लिहिलं होतं, "तीनशे वर्षं गुहेत झोपलेला नाग बाहेर येतो आणि थेट सूर्याकडे बघतो? आंधळा होईल की मेला!"

खाली 'लांडगा' नावाच्या कुणा नव्यानं विचारलं, "मग बाईसाहेब, त्याला चष्मा लावू या का?"

"लावू की. तू त्याला धरून बसव, मी नंबर काढते."

"मी का?"

"पुळका तुला आलाय ना!"

झालं! तिथून जे सुरू झालं ते दोन वर्षं थांबलं नाही. गटात भांडण, आणि गटाबाहेर दोघांचंच वेगळं गुलुगुलू. सकाळी दुकानाचं शटर वर जायच्या आत तिच्या फोनवर काहीतरी येऊन पडलेलं असायचं. 'काल रात्री चेटकिणीचं प्रकरण संपवलं, रडलो, कुणाला सांगू नकोस.' ही इकडे गालातल्या गालात हसायची, आणि दुकानाचे मालक प्रभंजनअण्णा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "काय गं, लॉटरी लागली?"

एकदा मात्र गंमत झाली. श्रावणातली दुपार. लांडग्यानं लिहिलं, 'इकडे सकाळपासून जिटीजिटी चाललंय, कोर्टात... म्हणजे, घरात नुसतं बसून आहे.' साधनानं ते दोनदा वाचलं. जिटीजिटी! थांबत नाही आणि धड कोसळतही नाही, त्या भुरभुर पावसाला हा शब्द सोलापुरात कुणी म्हणत नाही, पुण्यात तर नाहीच. हा आपल्याकडचा कानडी शब्द. तिनं दाराबाहेर बघितलं. कोप्पीकर रोडवर अगदी तसलाच पाऊस. अगंबाई! म्हणजे हा इथलाच कुठला तरी!

दुसरी एखादी नाचली असती. साधना घाबरली. लांडगा लांब होता तोवर नुसता लांडगा होता. जवळ आला की त्याला आईबाप असणार, गल्ली असणार, आणि कुणाच्या घरात कोण येतं याचा हिशेब ठेवणारे शेजारी असणार. कॉलेजात एक होता. त्यानं नाव विचारलं, मग हळूच आडनाव विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बाक बदलला. ते एकदा सोसलं होतं तिनं. याच्याकडून तेच सोसायची तिची छाती नव्हती, कारण हा तिला आवडत होता. उगाच आडपडदा कशाला, प्रेमच होतं ते.

आणि नेमकं त्यानंतर आठवड्यानं त्यानं विचारलं, "तुझं नाव सांग ना."

"नियम आहे."

"नियम गटाला. आपल्याला कशाला?"

"नको रे..."

"एवढाही विश्वास नाही?"

तिनं उत्तरच दिलं नाही. फोन पालथा ठेवला आणि एका आजोबांचे डोळे तपासायला निघून गेली. चार दिवसांनी राहवलं नाही, तेव्हा लिहिलं, 'रागावलास?' उत्तर नाही. 'बरं बाबा, चुकलं.' उत्तर नाही. असे एकूण अकरा निरोप तिनं पाठवले. जेवण गोड लागेना. तिचे अप्पा, रेल्वेतून निवृत्त झालेले धम्मानंद मेत्री, ताटाकडे बघायचे, तिच्याकडे बघायचे, आणि काही न विचारता भाताचं भांडं तिच्यापुढे सरकवायचे.

आता 'सात सुळके'त एक चमत्कारिक रीत होती. त्या नावाच्या कादंबरीत सैनिक चाळीस दिवस परतला नाही की त्याला मेला समजून त्याची चिता पेटवतात. गटातही तेच. कुणी चाळीस दिवस गप राहिला की रविवारी संध्याकाळी पाच वाजता त्याचा जाहीर अंत्यविधी! राजपुरोहित नावाचा गटप्रमुख मंत्र लिहायचा, लोक फुलं वाहायचे, गळे काढायचे. बहुतेक वेळा मेलेला मधेच ओरडत उठायचा, 'अरे जिवंत आहे मी, ऑफिसात काम होतं!' मग हशा.

चाळिसावा दिवस रविवारीच आला. पाचच्या ठोक्याला राजपुरोहितानं लिहिलं, 'आपला लांडगा गेला. चिता पेटवा.' भराभर फुलं पडायला लागली. 'फार लवकर गेलास मित्रा.' 'आता नागाची बाजू कोण घेणार!' साधना दुकानाच्या मागच्या बाजूला काचा पुसायचं फडकं हातात घेऊन वाट बघत होती. आता उठेल... आता उठेल... सव्वापाच झाले. साडेपाच झाले. गडी काही उठेना.

मग तिच्या मनानं घेतलं की हा आता यायचा नाही. आणि यायचाच नाही तर भ्यायचं कुणाला? तिनं लिहायला घेतलं.

'लांडग्या, मेलेल्याला नाव सांगायला कुठला नियम आड येत नाही. मी साधना धम्मानंद मेत्री. हुबळीत कोप्पीकर रोडवर चष्म्याच्या दुकानात असते. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि मला त्याची लाज नाही. लाज नव्हती, भीती होती. तू बाक बदलशील ही भीती. तुझ्यावर माझं प्रेम होतं. विचारलंस तेव्हा सांगायला हवं होतं.'

पाठवलं. फुलं पडायची थांबली! गटात पहिल्यांदाच कुणीतरी नाव सांगितलं होतं, आणि तेही असं. राजपुरोहितालासुद्धा मंत्र सुचेना.

पाच मिनिटांनी लांडग्याच्या नावानं एक आवाजी निरोप आला. तिनं फोन कानाला लावला, आणि आतून एका बाईचा आवाज कडाडला.

"कोण रे तुम्ही मेल्यांनो? कुणाच्या घरचे? माझा लेक धडधडीत जिवंत आहे! आत्ता शेवयांचं उप्पिट खाल्लंय त्यानं! चिता काय पेटवताय? फुलं काय वाहताय? चाळीस दिवस झाले, पोराच्या डोळ्याचा पडदा सुटला म्हणून ऑपरेशन झालंय, इतके दिवस पालथा पडून होता बिचारा, फोनला हात लावायचा नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय, आणि तुम्ही त्याला मारून मोकळे! फोन सारखा वाजायला लागला म्हणून मी उघडला, हातपाय गार पडले माझे! वेड्यासारखी सगळं मोठमोठ्यानं वाचत सुटले. आणि... आणि ती साधना मेत्री कोण? तिचंही वाचलं मी. त्याच्यासमोर! शेवटपर्यंत!"

साधना 'अगंबाई' म्हणून किंचाळलीच. फडकं एकीकडे, फोन एकीकडे. आईनं वाचलं... मोठ्यानं... त्याच्या आईनं!

"एनाय्तु?" प्रभंजनअण्णा धावत आले. काय झालं म्हणून घाबरलेच ते.

"अण्णा, मेलेला माणूस जिवंत झाला."

"मग रडतेस कशाला, खुळे?"

दोन दिवस साधनानं फोन बंद ठेवला. कुठल्या तोंडानं उघडणार? मंगळवारी अकराच्या सुमाराला दुकानाचं काचेचं दार ढकललं गेलं, आणि तोच आवाज आला, या वेळी जरा खालच्या पट्टीत. "डोळे तपासणारी मुलगी कोण इथं?"

साठीच्या, ताठ कण्याच्या, इरकल नेसलेल्या बाई. त्यांच्या मागे काळा चष्मा लावलेला उंच तरुण, एक हात भिंतीला. हुबळी-धारवाड धावणाऱ्या चिगरी बसनं आले होते. धारवाडच्या वाटेवरच्या रायापूरला त्यांचं घर. वीस मिनिटांचं अंतर, आणि हिनं दोन वर्षं त्याला कुठल्या कुठल्या गावांत कल्पून बघितलं होतं!

"मी यमुना गलगली. शाळेत मराठी शिकवायचे. हा जयतीर्थ, वकील आहे. डॉक्टरांनी नंबर तपासून घ्यायला सांगितलंय." एवढं बोलून बाई आतल्या खोलीत स्टुलावर जाऊन बसल्या, परीक्षेला पर्यवेक्षक बसतात तशा.

साधनानं त्याला खुर्चीत बसवलं, तपासणीची जड फ्रेम नाकावर ठेवली. गटात अरे-तुरे करणारे दोघं, इथं एकदम अहो-जाहोवर आले.

"डावा डोळा झाकते हं. वरची ओळ वाचा."

"दिसत नाही."

"आता?"

"थोडं बरं."

"तुमची मान स्थिर ठेवा... आता?"

"आता तुम्ही दिसताय," तो म्हणाला. "ओळ नाही दिसत."

मागे यमुनाबाई खाकरल्या. साधनानं काच बदलली. मग न राहवून, अगदी हळू विचारलं, "राग आला होता एवढा? अकरा वेळा लिहिलं मी."

"अकरा?" जयतीर्थ फ्रेमसकट वळला. "मला एकही... मी रोज विचारायचो. आई, तिसऱ्या डोळ्याचं काही आलंय का? रोज!"

मग दोघांनीही यमुनाबाईंकडे बघितलं.

"आले होते," बाई म्हणाल्या. "अकराच्या अकरा. मी वाचले आणि सांगितलं नाही. मुलगी दिसली, म्हटलं डोळे बरे होईतो नको ती भानगड. मग डोळे बरे होत आले तरी सांगितलं नाही." "रविवारी मात्र घाबरून वाचत सुटले. आडनावाशी आले आणि थांबले."

"मी म्हटलं पुढे वाच," जयतीर्थ म्हणाला.

"मग ते प्रेमाचं वाक्य आलं. परत थांबले."

"मी म्हटलं ते परत वाच." त्यानं नाकावरची फ्रेम काढून मांडीवर ठेवली. त्याचा उजवा डोळा अजून लाल होता आणि तो भरून आला होता. "तीनदा वाचायला लावलं मी आईला. साधना, मी मेलेलो नाही. बाकही बदलणार नाही. माझंही तुझ्यावर प्रेम आहे, आणि हे मी आईदेखत सांगतोय, म्हणजे पुन्हा कुणाला वाचून दाखवायला नको."

अय्या! साधनाला हसू आणि रडू एकदमच आलं. काय करावं कळेना म्हणून तिनं काचांचा डबा उघडला आणि मिटला.

"तुझे अप्पा घरी कधी असतात?" त्यानं विचारलं.

"आज... पाचनंतर."

"मग येतो. रीतसर विचारायला."

"एकटा जाणारेस होय?" यमुनाबाई उठल्या. "समोरचा खांब दिसत नाही धड! मी येते. पण सांगून ठेवते, मी काही अजून हो म्हटलेलं नाही. मला धक्का बसलाय, खोटं कशाला बोलू? दोन दिवस घास उतरलेला नाही."

"चालेल की, काकू," साधना म्हणाली. "आमच्या अप्पांनी पण कुठं हो म्हटलंय?"

यमुनाबाई जागच्या जागी थबकल्या. पदर सारखा करणारा हात तसाच राहिला. हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. दोन दिवस त्या रायापूरच्या घरात येरझाऱ्या घालत आपण हो म्हणायचं की नाही एवढंच ठरवत होत्या. पलीकडचा माणूसही नकार देऊ शकतो, हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"म्हणजे... ते नाही म्हणतील?"

"म्हणू शकतात की. महिनाभर मी धड जेवले नाही, ते त्यांनी बघितलंय. कुणामुळं, ते विचारणारच. आणि मी अप्पांशी खोटं बोलत नाही."

बाईंच्या चेहऱ्यावरचा ताठा हळूहळू उतरला. मग पुढे होऊन त्यांनी स्वतःच लेकाच्या मांडीवरची फ्रेम उचलून साधनाच्या हातात दिली.

"त्या निरोपांचं मी सांगेन त्यांना," त्या म्हणाल्या. "चूक माझी, तू का सांगायचीस? मीच सांगेन." आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा वळल्या. "काय गं... त्यांना राग लवकर येतो का?"

"येतो की," साधना म्हणाली, आणि तिनं जयतीर्थचा हात धरला, कारण पुढे पायरी होती.