ओला खड्डा

वणीजवळच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी मे महिन्यात, भर दुपारी गेले. विजेची यंत्रं सुरक्षित आहेत की नाहीत हे तपासणं माझं काम. माझ्याआधी बाबांचंही हेच. त्यांनी पास केलेल्या, गाठी बांधायच्या प्रेसला हात लागून, शॉक बसून धनीबाई नावाची मजूर गेली. जिनिंगला सील लागलं. चौकशी संपायच्या आत बाबाही गेले. फेरतपासणी दुसऱ्या कुणी करावी, असं मी लिहून दिलं होतं. दुसरं कुणी नव्हतं.

आमच्या भागात तपासणीच्या आदल्या दिवशी अर्थिंगच्या, म्हणजे यंत्रातली गळकी वीज जमिनीत उतरवणाऱ्या खड्ड्यात पाणी ओततात. माती ओली असली की मीटर चांगला आकडा दाखवतं. बाबांना हे पक्कं ठाऊक होतं. आज कोरड्या मातीतही आकडा चांगला आला, तर बाबांवरचा ठपका निघणार होता.

भिंतींवर जुनी रुई चिकटून होती. वायरमन धम्मदीपने खड्ड्याचं झाकण उचललं. ओल्या मातीचा गार वास आला.

"हरिसिंगभाऊ, पानी कायले टाकलं?"

"कुठून टाकू?" चौकीदार हसला. "सील लागलं तवापासून नळ बंद हाये. प्याचं पानी मी घरून आनतो."

मीटर लावलं. शून्य पूर्णांक आठ. बाबांच्या अहवालातही हाच आकडा होता.

"पास झाली न मॅडम." मग धम्मदीपचं लक्ष हातातल्या वायरीकडे गेलं. "थांबा. ही तं म्या अजून जोडलीच नाही."

त्याने मीटर बंद केलं.

काटा तिथंच राहिला.

हरिसिंगचं हसू गेलं. "तुमचे बाबूजी आलते, तवा बी खड्डा ओलाच होता. त्यायनं पाह्यलं. मालक म्हने, कापूस पडून हाये, लोक खोळंबले. बाबूजी लय वेळ उभे राह्यले. मंग केली सही."



मी अहवाल मांडीवर घेतला. शून्य पूर्णांक आठ लिहिलं असतं, तर मीटर माझ्या बाजूने होतं. पेन बराच वेळ रकान्यावर टेकून राहिलं.

मग लिहिलं. अर्थिंगचा आकडा ग्राह्य नाही. प्रेस चालवण्यास परवानगी नाही. आधीची तपासणी चुकीची.

सही करताना हात जड झाला.

जीपमध्ये धम्मदीप माझ्या हाताकडे पाहत होता. "मॅडम, तुमी तं खड्ड्यात हात घातलाच नाही."

उजव्या हाताच्या पाठीवर ओल्या मातीची चार बोटं उमटली होती. पाटीवर गिरवताना लहानपणी बाबा माझा हात वरून धरायचे, तशी.