खिडकीला लावलेला खिसा

लोकांच्या पँटी आखूड करणं हा माझा धंदा. चेन बदलणं, कंबर सैल करणं आणि "मी जाड झाले नाही, कपडाच आटला" हे गंभीर चेहऱ्यानं ऐकून घेणं, हेही त्यातच आलं. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासूबाई. भूतखेत, शकुन, असल्या भानगडींवर माझा कधी विश्वास नव्हता. कापड सरळ कापलं तर शिवण सरळ येते, याच्यापलीकडे मी कधी गेले नाही.

थंडी पडायच्या सुमाराला लेकीचा फोन आला.

"आई, बाळाचा पहिला नाताळ तुझ्याकडेच करू. तिच्यासाठी गोधडी शिव ना. जुन्या शुभेच्छापत्रांवर असते तशी, प्रत्येक चौकोनात वेगळं चित्र."

"आणखी काही? चंद्र वगैरे?"

"चंद्र नको, तारा घाल."

झालं. खाकी कागदावर नऊ चौकोन आखले. तारा, झाड, मेणबत्ती, घंटा असं करत करत मधोमध घर. नवं कापड आणून पाहिलं, पण त्याचा लाल रंग आगीच्या बंबासारखा भडक. जुनं दिसायला कापड जुनंच हवं. मग मी घरातल्या कपाटांवर धाड घातली. ताऱ्याला नवऱ्याचा मरून शर्ट, जो "यंदा बसेल" या आशेवर कित्येक वर्षं हँगरला लटकत होता. झाडाला सासूबाईंचा बाटलीहिरवा गाऊन. मेणबत्तीच्या ज्योतीला शेजारच्या चावीवाल्यानं आपणहून पिवळा रुमाल दिला.

आता या मंडळींच्या एकेका खोडीबद्दल सांगायलाच हवं. नवरा दुपारी मागच्या खोलीत घोरायचा, इतका की गिऱ्हाइकं विचारायची, "मागे दुसरं मशीन चालू आहे का?" सासूबाई कशालाही "च्च" करायच्या. चहाला च्च, बातम्यांना च्च, माझ्या शिवणीला दोनदा च्च. चावीवाला दिवसभर बेसूर शीळ घालायचा. आणि मी गुणगुणायची. माझ्या आईचं एक गाणं होतं, त्याच्या दोनच ओळी मला येतात. तिसरी तिच्याबरोबरच गेली. त्यामुळे दुसरी ओळ संपली की मी पुन्हा पहिलीवर. चावीवाला भिंतीपलीकडून ओरडायचा, "ताई, तबकडी अडकली!"

ताऱ्याचा शेवटचा टाका घातला त्या दुपारी मागची खोली एकदम शांत होती. मी धावत गेले. नवरा गाढ झोपलेला. मी त्याच्या नाकापुढे बोट धरलं तसा दचकून उठला आणि म्हणाला, "आहे अजून. पुन्हा झोपू का?"

झाड पुरं झालं त्या दिवशी मी सासूबाईंच्या चहात साखर घालायला विसरले. त्यांनी घोट घेतला, जीभ टाळूला लावली आणि तशाच थांबल्या. काहीतरी शोधत असल्यासारख्या. मग कप खाली ठेवून हळूच म्हणाल्या, "अगोड आहे गं."

पुढच्या आठवड्यात चावीवाला दुकानात आला. "ताई, गंमत बघा. शीळच येत नाही. नुसती हवा जाते." तो हसत होता, पण बोटं सारखी ओठांवर नेत होता. "दिवसभर कानस घासायची, सोबतीला तेवढीच होती."

मी सगळ्याला कारणं शोधली. नवरा हल्ली कुशीवर झोपतो. सासूबाईंची कवळी नवी आहे. चावीवाल्याला थंडी बाधली असेल. तिन्ही कारणं चांगली होती, आणि मी ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते.

मग एका सकाळी तयार चौकोन जोडून त्यांवर इस्त्री फिरवत होते. नवरा बाजारात गेला होता. ताऱ्यावरून इस्त्री उचलली आणि खालून घोरणं आलं. बारीक, पण अगदी त्याचंच, शेवटी शिट्टीसारखं संपणारं. मी तळवा ठेवून पाहिला. कापड इस्त्रीनं गरम होतं आणि आतून हलकं थरथरत होतं. मी इस्त्रीची वायर काढली. आवाज थांबला नाही. झाडाचं टोक जरा तिरकं बसलं होतं. ते तसंच सोडावं की काय, असं मनात आलं, एवढ्यात गोधडीतून स्पष्ट ऐकू आलं, "च्च."

मी मुकाट्यानं ते टोक उसवून सरळ केलं. बाई चौकोनात गेल्या तरी बाईच.

भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगायचं तर तक्रारही नव्हती. दुपारी निवांतपणा होता आणि चहाला नावं ठेवणारं कुणी नव्हतं. चावीवाल्याचं तेवढं मनाला लागलं होतं. त्याचा रुमाल काढून द्यायचाच, असं ठरवलं. शिवाय बाकीचे चौकोन कोऱ्या कापडाचे करायचे, चहाच्या पाण्यात भिजवून जुनाट केलेल्या. गोधडी लेकराच्या अंगावर जाणार होती. त्यात आणखी कुणाचं काही नको होतं.

लेक आली ती बाळाला नव्हे, गिरणीचा भोंगाच घेऊन आली. नातीचा आवाज कोपऱ्यावरून ऐकू आला. चार महिन्यांची पोर, मूठभर जीव, पण एकदा सुरू झाली की खिडक्यांच्या काचा मोजून घ्याव्यात. नवरा खूश. "गाणारी होणार!" म्हणाला आणि तिला घेऊन घरभर नाचला. लेक मात्र माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसली ती उठेचना. डोळे खोल गेलेले.

"आई, ही जन्मल्यापासून मी सलग झोपलेच नाहीये," ती म्हणाली. "परवा वाटलं, हिला खाली ठेवावं आणि दार ओढून निघून जावं. लांब कुठेतरी. मला माझीच भीती वाटते गं."

मी तिला जवळ घेतलं. एवढी मोठी झालेली माझी पोर माझ्या खांद्यावर कापडासारखी गळून पडली. हिला झोप मिळायलाच हवी, दुसरं काही नको, एवढंच मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ जाकिटाची चेन अडकवून आले, स्वतः आत असतानाच. त्यांना सोडवून होतंय तोवर लेक हसत दारात आली.

"झोपली! एकदम गप्प. आजी चहा टाकतेय. आणि हो, घराची खिडकी राहिली होती ना, ती मी लावली. तिच्या पहिल्या झबल्याची. तेवढीच आठवण."

माझ्या हातातली कात्री टेबलावर पडली.

मी आत गेले. स्वयंपाकघरात नवरा आणि सासूबाई हळू आवाजात हसत होते. पाळण्यातून काहीच आवाज येत नव्हता.

नात जागी होती.

चेहरा लालबुंद. मुठी आवळलेल्या. तोंड उघडं, जीभ थरथरत होती, डोळ्यांतलं पाणी कानांत उतरत होतं. ती जीव तोडून रडत होती.

आवाज टेबलावरच्या गोधडीतून येत होता. घराच्या खिडकीतून. खूप लांबून आल्यासारखा.

मी उसवणी घेतली. टाका, टाका, टाका. लेकीनं शिवण पक्की घातली होती, माझ्याच हाताखाली शिकलेली. शेवटचा दोरा तुटला, आणि पाळण्यातून असा टाहो फुटला की स्वयंपाकघरात कप फुटला.

मी नातीला उचललं आणि हसत सुटले. हसता हसता रडलेही. लेक दारात येऊन उभी राहिली. "उठली परत," एवढंच म्हणाली, आणि तिचेही डोळे भरून आले. बाळाला पाजायला ती पलीकडच्या खोलीत गेली.

खिडकीच्या जागी भोक पडलं होतं. लेकीनं पाहिलं तर तिला वाटणार, आईला माझं काम पसंत पडलं नाही. आणि उसवलेली शिवण कुणाला दिसू द्यायची नाही, ही माझी जन्माची सवय. चहात भिजवलेलं कापड दोरीवर अजून ओलं होतं. माझ्या ॲप्रनचा खिसा अर्धा निघालेलाच होता, झबल्याच्याच रंगाचा, मऊ. हाताला लागला तो घाईत, फार विचार न करता कापला आणि लावून टाकला. झबल्याचा तुकडा धुऊन कपाटात ठेवला.

दुसऱ्या सकाळी मेणबत्तीतला रुमालही काढला. तिथे कोरं पिवळं कापड बसवून अस्तर लावलं, कडा बंद केल्या आणि गोधडी नातीवर घातली. थोड्याच वेळात भिंतीपलीकडून बेसूर शीळ आली. आयुष्यात पहिल्यांदा ती मला गोड वाटली.

"ताई!" चावीवाला ओरडला. "शीळ आली! पण तुमची तबकडी आज बंद का?"

मी ओठ मिटले आणि पहिली ओळ धरली. घशातून नुसता वारा गेला. पुन्हा धरली. पुन्हा वारा.

मागच्या खोलीत कुणीतरी गुणगुणत होतं.

मी उसवणी घेऊन आत गेले. खिडकीच्या चार बाजूंचं काम, फार तर पाच मिनिटांचं. नात गोधडीखाली हसऱ्या तोंडानं झोपली होती. शेजारी लेक, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. मधल्या घरातून माझ्याच आवाजात पहिली ओळ येत होती, मग दुसरी, मग परत पहिली. मी बराच वेळ उभी राहिले. मग उसवणी खणात ठेवली आणि खोलीचं दार हलकेच ओढून घेतलं.

लेक जेवायच्या वेळीच उठली. दोन वेळा वाढून घेतलं. "आई, तू गुणगुणत बसलीस ना, म्हणून झोपलो आम्ही दोघी," म्हणाली. मी म्हटलं, "हो."

नाताळ झोकात झाला. नवऱ्यानं कागदी टोपी घालून सासूबाईंना नाचवलं. लेकीच्या गालांवर रंग आला होता. सुट्टी संपल्यावर ती निघाली तेव्हा गोधडी तिच्या पिशवीत सगळ्यात वर होती. मी गाडी वळेपर्यंत हात हलवला.

परवा तिचा फोन आला. आवाज टवटवीत. "आई, अजूनही त्या गोधडीशिवाय झोपत नाही बघ. ऐक, कशी शांत आहे." तिनं फोन पाळण्याजवळ धरला.

मी मशीन थांबवलं. बाळाचा श्वास ऐकू आला. त्याखाली नवऱ्याचं बारीक घोरणं, आणि त्यावर माझा आवाज. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. मी सवयीनं पुन्हा पहिलीची वाट पाहिली.

गोधडीनं तिसरी सुरू केली.