चुकीच्या कागदावरचं नाव

आमची इस्त्री गार पडली त्या दुपारी मी तिला टॉवेलात गुंडाळून बाजारामागच्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. तिथले म्हातारे काका आमच्या ओळखीचे. पण त्या दिवशी टेबलामागे त्यांचा पुतण्या बसला होता. ओठांत दोन स्क्रू, कानामागे पेन्सिल... आणि शर्टाची कॉलर अशी झिजलेली की मी इस्त्री विसरून तिच्याकडेच बघत राहिले. मी शिंपीकाम करते. लोक आधी चेहरा बघतात, मी शिवण बघते.

त्यानं स्क्रू हातात काढून घेतले.

"बिघडलंय काय? इस्त्री की माझी कॉलर?"

"दोन्ही," मी म्हटलं. "इस्त्री तुम्ही बघा."

वायरचं टोक काळं पडलं होतं. त्यानं ते कापून पुन्हा जोडलं आणि पैसे घ्यायला चक्क नकार दिला, म्हणे एवढ्याशा कामाचे काय घ्यायचे. मला फुकटचं पचत नाही. मी तिथल्या तिथे हुकूम सोडला की उद्या तो शर्ट माझ्या शिलाईच्या दुकानात आणून द्या. दुसऱ्या दिवशी कॉलर उसवून उलटी करून शिवली. झिजलेली बाजू आत, कोरी बाजू बाहेर. तो आरशासमोर मान वळवून वळवून बघत होता.

"पुन्हा झिजली की पुन्हा उलटायची?"

"नाही. हे एकदाच होतं. कॉलरला दोनच बाजू असतात."

"मग जपून घालतो," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून असा काही हसला की मी उगाचच सुईत दोरा ओवायला घेतला. सुईत आधीच दोरा होता.

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचा माझा मूर्खपणा कळायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबांचा कारखाना बंद पडला आणि आईनं कंबर कसली. वर्तमानपत्र बंद, बाहेरचं खाणं बंद, जवळच्या जवळ रिक्षा बंद. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून तिनं दोन कागद चिकटवले. डावीकडे गरजा : पीठ, तेल, साबण, बाबांची गोळी. या गोष्टी न विचारता यायच्या. उजवीकडे बाकी सगळं. ज्याला जे हवं त्यानं ते तिथे तारखेसह लिहायचं आणि महिनाभर थांबायचं. महिन्यानंतरही हवंसं वाटलं तर आणायचं. आईचं म्हणणं, हौस पाहुण्यासारखी असते, चार दिवस राहते आणि आपणहून जाते. आणि बहुतेक वेळा तिचंच खरं व्हायचं. माझे उंच टाचांचे सँडल मी नवव्या दिवशी स्वतःच खोडले. बाबांनी एकदा 'रेडिओ' लिहिलं आणि आठवडा व्हायच्या आत काट मारली. ती काट बघून मात्र मला भरून आलं होतं. कारखाना गेल्यापासून बाबा तसेही फार बोलत नव्हते.

हे सगळं मी त्याला हसत हसत सांगितलं होतं. तो हसला नाही. चार दिवसांनी एक जुना रेडिओ घेऊन आमच्या दारात उभा. कुणीतरी वर्षापूर्वी दुरुस्तीला टाकला होता आणि न्यायला आलाच नाही, असं तो आईला सांगत होता.

"पण तो यादीतून खोडलाय," आई म्हणाली.

"म्हणूनच आणला, काकू. यादीत असता तर थांबावं लागलं असतं."

आईनं पदरानं रेडिओवरची धूळ पुसली आणि तो बाबांच्या हातात दिला. बाबा संध्याकाळभर रेडिओ मांडीवर घेऊन बसले होते. मी दारातून त्यांच्याकडे बघत होते आणि मला स्वच्छ कळलं, मी त्या माणसाच्या प्रेमात पडले आहे.

मग आम्ही रोज भेटायला लागलो. बस सोडून चालत घरी यायचो, म्हणजे भाडंही वाचायचं आणि रस्ताही लांबायचा. बागेतला बाक फुकट होता. तो मला 'काटकसरबाई' म्हणायचा. मी त्याला म्हणायचे, लोकांनी फेकलेल्या तारेचा तुकडासुद्धा खिशात घालतोस, तू कोण मोठा उधळ्या लागून गेलास?

एका संध्याकाळी त्याच बाकावर त्यानं विषय काढला. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कंपनीत त्याला पक्की नोकरी मिळत होती. इथे काका दुकान त्याच्या हाती द्यायला तयार होते. कंपनीला पंधरा दिवसांत कळवायचं होतं.

"तू लग्नाला हो म्हणालीस तर मी इथेच," तो म्हणाला. "नाही म्हणालीस तर... रोज या बागेवरून जाणं मला जमायचं नाही."

हो माझ्या अगदी ओठांवर होतं. पण गेली दोन वर्षं मी एकच गोष्ट शिकले होते, की जे फार हवंसं वाटतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

"महिनाभर थांबशील?" मी विचारलं.

"पंधरा दिवस आहेत माझ्याकडे."

"आमच्याकडे महिना लागतो."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली, आणि आम्ही उठलो. घरी येऊन मी उजवीकडच्या कागदावर तारीख लिहिली. पुढे नुसती रेघ.

तो त्यानंतर आला नाही. मीही गेले नाही. बारा दिवस मी काजं करत होते आणि उसवत होते. तेराव्या दिवशी आईनं कपाट उघडलं.

"अगं, ही तारीख कसली? वस्तूचं नावच नाही पुढे."

मी तिथेच फरशीवर बसून रडले आणि सगळं सांगून टाकलं. आई कागदाकडे बघत राहिली, आपण हे काय करून ठेवलं अशा चेहऱ्यानं. बाहेरच्या खोलीत रेडिओचा आवाज बारीक झाला आणि बाबा दारात आले.

"तेरा दिवस झाले ना?" ते म्हणाले. "गेली हौस?"

"नाही."

"कमी झाली?"

"वाढली, बाबा."

"मग तू चुकीच्या कागदावर लिहिलंस. ते डावीकडचं आहे. पिठासाठी कुणी महिनाभर थांबतं का?"

दोन वर्षांत बाबा एका दमात इतकं बोलले नव्हते. मी घरातल्या चपला घालूनच निघाले, आणि कधी नव्हे ती रिक्षा केली.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत शिरले तर तो टेबलामागे होता, तोच शर्ट घालून. शटर उन्हामुळे ओढलं होतं.

"कंपनीला काय कळवलंस?" मी धापा टाकत विचारलं.

"महिनाभर थांबा म्हणालो. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

"आमच्याकडे?"

"हो. आमच्याकडे." त्यानं मान वर केली नाही. "ते म्हणाले, थांबता येणार नाही. मी म्हटलं, बरं."

"आणि मी नाही म्हणाले असते तर?"

"तर हा शर्ट घेऊन आलो असतो. कॉलर पुन्हा उलटायला."

"ती पुन्हा उलटत नाही. सांगितलं होतं मी."

"माहीत आहे की. पण ते समजावून सांगायला तू अर्धा तास घेतला असतास... मला तेवढाही चालला असता."

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, मी तुला चुकीच्या कागदावर लिहिलं होतं. हौसेच्या.

"आणि आता?"

"पिठाच्या खाली. माझं हो आहे. आजच."

त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. आम्ही दोघंही तो शोधायला वाकलो आणि बराच वेळ वर आलोच नाही.

आम्ही घरी पोचलो तेव्हा आई कपाटासमोर पेन्सिलीचं थोटूक घेऊन उभी होती. उजवीकडची माझी तारीख खोडलेली होती. डावीकडे, बाबांच्या गोळीखाली, तिच्या किरट्या अक्षरात नवा शब्द होता : जावई. कालपर्यंत त्याला अरे-तुरे करणारी माझी आई पदर सावरत म्हणाली,

"अहो, जेवायला रोज येणार असाल तर सांगा. पीठ वाढवून लिहिते."