किती तारे द्याल?

“आपण आमच्या सेवेनं समाधानी आहात का? किती तारे द्याल?”

पोलीस ठाण्याच्या दालनात पाऊल टाकताच हा प्रश्न कानावर आला आणि भाऊजी चांगलेच दचकले. विचारणारं माणूस कुठंच दिसेना. कोपऱ्यात पुरुषभर उंचीचं एक मशीन उभं होतं. त्याची काच मधोमध फुटली होती, पडदा काळाठिक्कर पडला होता, आणि तरी आतला मंजूळ आवाज तेच ते विचारत होता.

“अरे, कुणीतरी त्याचं तोंड बंद करा रे!” आतल्या खोलीतून साहेब ओरडले. “सकाळपासून डोकं उठवलंय! कुणी समोरून गेलं की झालं सुरू!”

बाकावरची एक मुलगी उठली, मशीनच्या मागं हात घालून तिनं काहीतरी दाबलं आणि ती मुकाट्यानं पुन्हा जागेवर जाऊन बसली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

वहिनींनी हे पाहिलं की नाही, कोण जाणे. त्या पर्समध्ये चष्मा शोधत होत्या.

वहिनी खासगी तपासाची कामं घेत. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, टपालखात्यातून निवृत्त झालेले. वहिनींच्या मागोमाग जायचं, ऐकलेलं टिपून घ्यायचं आणि भलत्याच माणसावर संशय घ्यायचा, ही त्यांची कामं. तिन्ही ते मन लावून करत.

साहेबांच्या डोक्यावर पंखा गरगरत होता. टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून एका गठ्ठ्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला होता आणि दुसऱ्यावर मोबाइल. तिसरा गठ्ठा ते कोपरानं दाबून बसले होते.

“सरकारी अनुदानातून आलंय हे मशीन,” साहेब म्हणाले. “लोकांनी ठाण्यात खेटे घालू नयेत, उभ्या उभ्या तक्रार नोंदवून मोकळं व्हावं, म्हणून. पुढचा हप्ता मिळायचा तर काम कसं चाललंय ते समिती बघणार. ती आज दुपारी येतेय, आणि सकाळी हा प्रकार!”

“मग आम्हाला कशाला बोलावलंत? पोलीस तर तुम्हीच.”

“अनुदानाचा नियम आहे, बाई. नुकसान झालं तर अहवाल बाहेरच्या माणसाचा लागतो. तुम्हाला फार त्रास नाही. मशीन चालवायला जी मुलगी ठेवलीय, तिचंच काम आहे हे. तिच्यावर गुन्ह्याचा कागदही तयार आहे. तुमचा अहवाल आला की समितीपुढं ठेवतो.”

“गुन्हा दाखल झाला तर तिला पुन्हा कुठं नोकरी मिळायची?”

“सरकारी दारात तर कुणी उभं करणार नाही.” साहेबांनी नजर खिडकीकडं वळवली.

“ती कबूल झाली?”

साहेबांनी कपाळाला हात लावला. “तीच तर पंचाईत आहे. ती कबूल झालीय. आमचा हवालदारही कबूल झालाय. बाहेर झाडाखाली एक आजोबा लोकांचे अर्ज लिहून देतात, तेही येऊन म्हणाले, मीच फोडलं!”

भाऊजींना हसू फुटलं. गुन्हेगार सापडत नाही म्हणून रडणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते, पण इथं गुन्हेगार उतू चालले होते. वहिनींनी डोळे वटारले तेव्हा कुठं ते गप्प झाले.

हवालदार भरदार मिशांचे आणि पडेल चेहऱ्याचे होते.

“दंडुका घातला, आणखी काय!” ते म्हणाले. “दिवसभर कानाशी किटकिट. वैताग आला होता.”

“रोज कसं सहन करता मग?”

“जेवायला बसलो की मागचं बटण दाबतो आणि त्याची बोलती बंद करतो. मशीनच्या मागं मीच जातो आणि ती पोरगी. बाकी कुणी फिरकत नाही.”

“आज सकाळी कुठं होतात?”

हवालदारांचा आवाज खाली आला. “दवाखान्यात. पलीकडच्या गल्लीत शिवणकाम करते एक बाई. काल संध्याकाळी नवऱ्यानं तिचा हात मोडला. दवाखान्यातून साहेबांना फोन आला आणि त्यांनी मला जबाब घ्यायला धाडलं. पण ती तोंडच उघडेना. भिंतीकडं बघत पडलीय नुसती.”

“आणि दंडुका? तो कुठं होता?”

“माझ्याजवळच की, दवाखान्यात...” असं म्हणून हवालदार थांबले. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला हे त्यांच्या ध्यानात आलं. “बाई, काही का असेना, लिहा माझं नाव. मी गुन्हेगारच आहे. त्या बाईकडं मोबाइल नव्हता आणि मशीन नंबराशिवाय तक्रार घेत नाही. घरातला कुणाचाही द्या, असं तिला मीच सांगितलं. तिनं नवऱ्याचा दिला.”

भाऊजींची पेन्सिल जागीच थांबली.

आजोबा झाडाखाली घडीचं टेबल मांडून बसले होते. समोर कोरे कागद होते, गिऱ्हाईक एकही नव्हतं.

“मशीननं माझं पोट मारलं,” ते ताठ बसून म्हणाले. “म्हणून दगड घातला.”

“दालनात दगड दिसला नाही कुठं.”

“उचलून नेला असेल कुणीतरी.”

“दालनात शिरलात तेव्हा आत कोण होतं, आजोबा?”

“शिरतोय कशाला? ते मशीन आल्यापासून त्या उंबऱ्याला पाय लावलेला नाही मी!” आजोबा तडकून बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली. थोड्या वेळानं ते खालच्या आवाजात म्हणाले, “ती शिवणकाम करणारी आधी माझ्याकडं आली होती, ताई. अर्ज लिहून द्या म्हणाली. मी फुगून बसलेलो. म्हटलं, आता आत मशीन आहे, तिकडं जा. मी लिहिला असता तर नवऱ्याला कळलं असतं का?”

भाऊजी वहिनींच्या कानाशी लागले. “आता उरली ती मुलगी. मी आधीपासून म्हणत होतो.”

“तुम्ही काहीच म्हणाला नव्हता, भाऊजी.”

मुलीनं सांगितलं, की आपण खुर्ची मारली. बाकाशिवाय दालनात बसायला काहीच नव्हतं, हे भाऊजींच्यासुद्धा ध्यानात आलं.

“खुर्ची राहू दे,” वहिनी तिच्या शेजारी बसल्या. “खरं काय केलंस, बाळ?”

मुलीला हुंदका आवरेना. “मी ‘निकाली’ दाबलं. समिती यायच्या आत एकही तक्रार पडून दिसता कामा नये, असं काल साहेबांनी सांगितलं. एकेक उघडायची आणि ‘निकाली’ दाबायचं. चौकशीला कुणी कुठंच गेलं नव्हतं. दाबलं की तक्रारीतल्या नंबरावर मशीन आपोआप संदेश धाडतं. शिवणकामवाल्या ताईंचा...”

“नवऱ्याला गेला,” वहिनी म्हणाल्या.

“पतीविरुद्धची आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, असा. तोवर त्याला पत्ताही नव्हता.”

वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, “ते तारे कधी मागतं गं मशीन?”

“निकाली निघालेली तक्रार कुणी उघडून वाचली की. मग तारे मिळेपर्यंत समोरून जाईल त्याला विचारत राहतं. पण ती आम्हालाच उघडता येते, त्याला कार्ड लागतं. एक साहेबांचं, एक माझं.”

“तुझं कार्ड कुठं आहे?”

“साहेबांच्या कपाटात. रोज संध्याकाळी त्यांच्याकडं द्यायचं, सकाळी मागून घ्यायचं. आज मागितलंच नाही. मी आले तेव्हा काच फुटलेली होती.”

वहिनींनी चष्मा काढून पदरानं पुसला. हे लक्षण भाऊजींना ठाऊक होतं. आता उलगडा होणार आणि आपण तोंडघशी पडणार!

साहेबांच्या खोलीत सगळे भिंतीला टेकून उभे राहिले. साहेबांसमोरच्या खुर्चीवर एकट्या वहिनी बसल्या.

“या तिघांतलं कुणीही मशीनला हात लावलेला नाही,” त्या म्हणाल्या. “त्या बाईच्या पायी तिघांनाही शिक्षा हवी होती. देणारं कुणी नव्हतं, म्हणून जो गुन्हा समोर दिसला तो त्यांनी आपल्या अंगावर घेतला.”

“मग फोडलं कुणी?” भाऊजींना राहवेना.

“मशीन काय विचारत होतं, भाऊजी? किती तारे द्याल. म्हणजे काच फुटायच्या आधी कुणीतरी निकाली निघालेली तक्रार उघडून वाचली होती. त्याला कार्ड लागतं. हवालदारांकडं नाही, आजोबांकडं नाही. मुलीचं कार्ड कपाटात.”

“ते मुलीनं सांगितलं,” साहेब म्हणाले. “खोटं बोलत असेल.”

“कपाट उघडून दाखवता?”

साहेबांचा हात किल्लीकडं गेला आणि तिथंच थांबला.

“बरं, कार्ड राहू द्या. त्या मशीनचं काचेशिवाय बाकी काही फुटलेलं नाही. घाव घालणाऱ्याला मशीन मोडायचं नव्हतं, त्याला तो आवाज बंद करायचा होता. मुलगी आणि हवालदार मागचं बटण दाबून मोकळे झाले असते. काच फोडली की आवाज थांबेल, असं ज्याला बटण ठाऊक नाही त्यालाच वाटणार. आम्ही आलो तेव्हा ते बोलायला लागलं आणि तुम्ही इथूनच ओरडलात. कुणीतरी तोंड बंद करा, म्हणालात.”

“आणि काच मधोमध, एकाच ठिकाणी फुटलीय. मुठीत मावणारं, जड असं काहीतरी हवं. एवढ्या मोठ्या साहेबांना कागदांवर चहाचा कप का ठेवावा लागतो, याचा मी आल्यापासून विचार करतेय. तुमचं पेपरवेट कुठं आहे, साहेब?”

मुलगी टक लावून साहेबांकडं बघत होती. भाऊजींना कुणाकडंच बघवेना.

साहेबांनी कोपर उचललं. पंख्याच्या वाऱ्यानं गठ्ठ्यातले कागद जमिनीवर पसरले, ते त्यांनी गोळा केले नाहीत.

“दवाखान्यातून फोन आला,” ते सावकाश म्हणाले. “नाव ओळखीचं वाटलं. हवालदाराला धाडलं आणि तिनं तक्रारीत काय लिहिलंय ते उघडून बघितलं. तिनं लिहिलं होतं, साहेब, त्यांना कळू न देता मदत करा. मी वाचतोय तोवर ते विचारायला लागलं, समाधानी आहात का. कार्ड काढलं तरी थांबेना. हातात काय होतं ते मला मारल्यावर कळलं.” त्यांनी मुलीकडं पाहिलं. “मग समिती आठवली. म्हटलं, ही लहान आहे, हिचं निभावून जाईल.”

“निभावलं नसतं,” वहिनी म्हणाल्या. “हे तुम्हीच मघाशी सांगितलंत.”

साहेबांनी गुन्ह्याचा कागद शोधून फाडला. “अहवालात माझं नाव लिहा, बाई.”

“लिहितेच आहे.”

सगळे सुटकेचा श्वास सोडतील असं भाऊजींना वाटलं होतं. पण मुलगी दाराशीच उभी राहिली. “माझं सोडा, साहेब. त्या ताईंना आज दुपारी घरी सोडणार आहेत. न्यायला नवराच येणार. त्यांची तक्रार निकालीच आहे अजून.”

साहेब उठले. “गाडी काढा,” ते हवालदारांना म्हणाले.

“समिती?”

“थांबेल समिती.”

दवाखान्यात बाई खिडकीजवळच्या खाटेवर होती. प्लास्टरमधला हात पोटावर ठेवून ती भिंतीकडं बघत होती. भाऊजी दारातच थांबले. मुलगी काही त्यांची कुणी लागत नव्हती, पण सकाळपासून तिच्यावर संशय घेतल्याचं त्यांना आता फार लागलं होतं.

“ताई, तुमची तक्रार लिहून घ्यायला आलोय,” साहेब म्हणाले.

बाईनं मान वळवली. साहेबांना पाहिलं, त्यांच्यामागच्या मुलीला पाहिलं.

“ती तर निकाली निघाली ना?” ती म्हणाली. “त्यांनी तो संदेश वाचून दाखवला मला.”

मुलीनं वहिनींचा हात घट्ट धरला.

“नाही निघाली,” साहेब कसेबसे म्हणाले. “मी खोटं लिहायला लावलं होतं. माझं चुकलं. आता तुम्ही सांगा, मी माझ्या हातानं लिहितो. नवऱ्याला इथं येऊ देणार नाही.”

बाईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग तिनं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

साहेबांनी स्टूल ओढलं, मांडीवर कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि ते बसून राहिले. खिशातला फोन वाजत होता. तो त्यांनी उचलला नाही.